सांभाळणारा कोण, पालक कोण?



आपली वाई जशी घाटांची आणि देवळांची, तशी ती शब्दांचीही आहे. मराठी विश्वकोशाचे काम याच गावात उभे राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. शब्द वापरण्याआधी त्याचा अर्थ नीट लावावा, ही सवय आपल्या गावाला नवी नाही. आजच्या पाठात हीच सवय आपल्याला घरात आणायची आहे. घरातल्या आजारी, वृद्ध किंवा दिव्यांग मोठ्या माणसाचा सांभाळ करताना आपण काही शब्द रोज वापरतो. त्यांचे अर्थ मात्र आपण एकमेकांत मिसळून टाकतो, आणि त्या गोंधळाची किंमत कुणीतरी एकटाच भरत राहतो.

दोन घरे

आजारी भाविकांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी फादरांबरोबर आम्ही काही जण घरोघर जातो. दोन घरांतले बोलणे मनातून जात नाही.

पहिल्या घरात ७६ वर्षांच्या मावशी आणि त्यांचा ४३ वर्षांचा मुलगा. मुलाला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. तो कोण, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मिस्सा संपल्यावर गीतांची पुस्तके गोळा करून कपाटात लावतो तोच. हे लिहिण्याआधी आम्ही त्याला विचारले. नाव घालू नका, बाकी लिहा, असे त्याने सांगितले. त्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मावशी म्हणाल्या, “माझ्यामागं याचं काय?” आम्ही म्हणालो, “मावशी, देव आहे.” हे उत्तर खोटे नव्हते. पण जिना उतरताना आमच्या लक्षात आले की ते उत्तर देऊन आम्ही आमची सुटका करून घेतली होती.

दुसऱ्या घरात अंथरुणाला खिळलेले वडील. स्मरणशक्ती जवळजवळ गेलेली. दोन मुलगे पुण्या-मुंबईकडे, धाकटा इथे. सगळे करते धाकट्याची बायको. त्या ताई आम्हाला म्हणाल्या, “सही करायला थोरले भाऊजी, अंग पुसायला मी.” त्या रागावून बोलत नव्हत्या, आहे ते सांगत होत्या.

या दोन वाक्यांत आजचा पाठ आहे. आपल्याकडे सांभाळाचे ओझे एका खांद्यावर असते, निर्णय दुसऱ्याच्या हातात असतो, आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे त्याला कुणी विचारलेलेच नसते.

आधी एक मूळ गोष्ट

मोठे माणूस आजारी झाले, विसरू लागले, लोळागोळा झाले, तरी ते लहान मूल होत नाही. आपण मात्र नकळत तसे वागतो. आम्हीही वागलो. कित्येक वर्षे आम्ही मावशींना मुलाच्या तोंडावर विचारत आलो, “कसा आहे हा?” तो समोर उभा असायचा.

मार्कच्या शुभवर्तमानातला आंधळा बार्तिमय आठवा (१० वा अध्याय). तो आंधळा आहे हे प्रभूला दिसत होते. त्याला काय हवे असेल हे गर्दीतल्या कुणालाही सांगता आले असते. तरी प्रभूने आधी त्यालाच विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे. मदत करण्याआधी विचारणे, ही सांभाळाची पहिली पायरी आहे.

आपल्या देशाचे अलीकडचे कायदेही हेच म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दिव्यांग माणसाला इतरांसारखाच मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले व्यवहार पाहण्याचा हक्क आहे. त्याला निर्णय घेताना आधार लागतो, एवढ्यावरून त्याचा निर्णयाचा हक्क संपत नाही. हे मनात धरून आता शब्दांकडे वळू.

शब्द आणि जबाबदाऱ्या

१. काळजीवाहक. म्हणजे प्रत्यक्ष सांभाळ करणारा माणूस. २०१६ च्या कायद्यात याची व्याख्या आहे. दिव्यांग व्यक्तीला काळजी, आधार किंवा साहाय्य देणारी कोणतीही व्यक्ती, मग ती आई-वडील असो, घरातली दुसरी कुणी असो, पगारी असो वा बिनपगारी, ती काळजीवाहक. म्हणजे महिन्याच्या पगारावर येणाऱ्या बाई आणि रात्री तीनदा उठणारी सून, कायद्याच्या लेखी दोघीही काळजीवाहकच.

काळजीवाहकाची जबाबदारी रोजची असते: जेवण, औषधे, स्वच्छता, कूस बदलणे, डॉक्टरांकडे नेणे, आणि तब्येतीत काय फरक पडला ते वेळीच सांगणे. माणसाच्या पैशाचा किंवा घराचा मालक तो होत नाही. पण सगळ्यात जास्त माहिती त्याच्याकडेच असते. म्हणून घरात निर्णयाची बैठक बसली तर काळजीवाहकाला स्वयंपाकघरात पाठवू नये. त्याचे म्हणणे सर्वात आधी ऐकावे.

२. चरितार्थ. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ साली संसदेने केला. सर्व धर्मांच्या लोकांना तो लागू आहे. यात चरितार्थ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय देखभाल आणि उपचार. ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती. आई-वडिलांना मात्र वयाची अट नाही; सावत्र आणि दत्तक घेणारे आई-वडीलही त्यात येतात. जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू आणि नात या सज्ञान व्यक्तींवर आहे. लेक लग्न होऊन गेली म्हणून ती सुटत नाही. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची जबाबदारी, ज्याच्या ताब्यात त्यांची मिळकत आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, त्या नातेवाइकावर येते.

अर्ज उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो, त्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. ज्येष्ठाला स्वतः जाता येत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवून देता येते. ज्येष्ठाला कुठेतरी नेऊन टाकून देणे हा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

या व्याख्येत एक नाव नाही. ते सुनेचे. मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही, जावई नाही. सून-जावयांना त्यात घेणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ते मंजूर झाले नाही. आम्ही हे त्या ताईंना सांगितले तेव्हा त्या हसल्या. कायद्याने ज्यांच्यावर भार टाकला ते दूर आहेत, आणि जिच्यावर टाकला नाही ती तो वाहते आहे. याचा अर्थ तिने तो टाकून द्यावा असा नाही. ती जे करते ते कुणाच्या तरी वाट्याचे आहे, हे त्या कुणीतरी ओळखावे.

चौथी आज्ञा आपण प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात लहान मुलांकडून पाठ करून घेतो. प्रभूने मात्र ती मोठ्यांना सुनावली. मार्कच्या सातव्या अध्यायात काही लोक, आपला पैसा देवाला वाहिला आहे असे सांगून, आई-बापांचा खर्च चुकवतात. प्रभू त्यांना दोष देतो. चर्चला दिलेली देणगी आईच्या औषधाच्या पैशांची जागा घेऊ शकत नाही.

३. अटीचे बक्षीसपत्र. घर, जमीन मुलाच्या नावे करून दिली आणि नंतर ताटाला महाग झालो, ही तक्रार नवी नाही. २००७ च्या कायद्याचे कलम २३ त्यासाठी आहे. माझ्या मूलभूत सोयी आणि गरजा पाहाव्यात या अटीवर ज्येष्ठाने मिळकत दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. अशी अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मधल्या निकालात सांगितले. जानेवारी २०२५ मधल्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले. आपण घ्यायचा धडा साधा आहे: अट तोंडी ठेवू नका, कागदातच लिहा. मुलावर विश्वास असला तरी लिहा. लिहिल्याने विश्वास कमी होत नाही, आणि चांगल्या मुलाला त्याची अडचणही वाटत नाही.

४. मुखत्यार. मुखत्यारपत्र दिले म्हणजे आपल्या वतीने ठरावीक व्यवहार करण्याचा अधिकार दिला. मालकी देणाऱ्याचीच राहते, हिशेबही त्यालाच द्यायचा. पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार देणारा मरण पावला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली, की हा अधिकार संपतो. म्हणजे बाबांची स्मृती पूर्ण गेल्यावर त्यांचे जुने मुखत्यारपत्र दाखवून व्यवहार करणे बरोबर नाही. ज्या वेळेसाठी आपण तो कागद जपून ठेवतो, नेमका त्याच वेळी तो चालत नाही. स्मृतिभ्रंशाच्या किंवा दीर्घ बेशुद्धीच्या प्रकरणांत कुटुंबीयांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केले आणि न्यायालयाने पालक नेमले, अशी उदाहरणे आहेत. ही वेळ येण्याआधी, बाबांना समजते आहे तोवर, त्यांच्याच तोंडून त्यांची इच्छा ऐकून मृत्युपत्र व बँकेची कामे पुरी करावीत.

५. पालक. मावशींना वाटत होते, मी त्याची आई, म्हणजे मीच पालक. एका कार्यालयात मुलाच्या कामासाठी त्या गेल्या, तेव्हा तिथे त्यांना पालकत्वाचा दाखला मागितला. त्या रडत घरी आल्या. “त्रेचाळीस वर्षं मीच केलं, आणि आता म्हणे तुम्ही कोण?”

मागण्याची रीत चुकली असेल. पण कायद्याची स्थिती अशी आहे की आई-वडील हे नैसर्गिक पालक मूल १८ वर्षांचे होईपर्यंतच. पुढे ते आपोआप पालक राहत नाहीत, कारण मूल सज्ञान झालेले असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार पालक नेमता येतो. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशांची स्थानिक स्तर समिती अर्ज पाहते. आपल्यासाठी हे काम साताऱ्याला होते. आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात.

या पालकाच्या जबाबदाऱ्या कायद्यात लिहिल्या आहेत. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मिळकतीची आणि येण्या-देण्याची यादी द्यायची. दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. पालक छळ करतो, दुर्लक्ष करतो किंवा मिळकत गिळतो असे दिसले तर समितीकडे तक्रार करून त्याला काढता येते. म्हणजे पालकत्व हा मान नव्हे, हिशेब देण्याचे काम आहे.

६. मर्यादित पालकत्व. २०१६ च्या कायद्यातला हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटला. यात पालक आणि दिव्यांग व्यक्ती मिळून निर्णय घेतात, परस्परांवरच्या विश्वासाने. ठरावीक काळासाठी, ठरावीक निर्णयापुरते, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. उदाहरणार्थ, बँकेच्या कामापुरता कुणी पालक असेल, तर त्याने याने कोणते कपडे घालावेत, कुणाकडे जावे, मिस्साला कुठल्या बाकावर बसावे हे ठरवू नये. ज्याचे त्याला जमते ते त्याच्याकडेच राहावे.

७. नामनिर्देशित प्रतिनिधी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा मे २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार कोणताही सज्ञान माणूस, मनाच्या आजारामुळे मला निर्णय घेता आला नाही तर माझ्या वतीने कुणी बोलावे, त्याचे नाव लिहून ठेवू शकतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. नंतर नाव बदलताही येते. प्रतिनिधीने आपले मत चालवायचे नसते. त्या माणसाने आजवर काय म्हटले, त्याला काय आवडते, तो कसा जगत आला, हे लक्षात घेऊन त्याला निर्णयात मदत करायची. कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हेही आधी लिहून ठेवता येते. त्याला आगाऊ सूचना म्हणतात. कुटुंब घेऊन जात नाही एवढ्याच कारणाने माणसाला मनोरुग्णालयात ठेवू नये, असेही या कायद्यात म्हटले आहे.

८. विसावा. हा शब्द आपल्या सगळ्यांचा ओळखीचा, पण सांभाळाच्या हिशेबात आपण तो धरतच नाही. काळजीवाहकाला काही तास किंवा काही दिवस मोकळीक मिळावी म्हणून दुसऱ्याने जागा घेणे म्हणजे विसावा. राष्ट्रीय न्यासाने ‘समर्थ’ ही योजना या कामासाठी आणि ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या कायम निवासासाठी काढली. विसावा मागणे म्हणजे माया आटली असे नव्हे. थकलेला माणूस आधी चिडतो, मग ओरडतो, आणि कधी कधी त्याचा हात उठतो. पुढचे पाप टाळायचे तर आधीचा थकवा पाहायला हवा.

एका गावाने काय केले

रक्ताचे नातेवाईक नसतील, किंवा असून उपयोग नसेल, तर काय? बेल्जियम देशातल्या गील या गावाची गोष्ट यासाठी जाणून घ्यावी. तिथे संत डिम्फ्ना हिचे चर्च आहे. मानसिक आजारी लोकांची ती आश्रयदात्री मानली जाते. मध्ययुगात बरे होण्याच्या आशेने यात्रेकरू तिथे येत. चर्चलगतची जागा भरली की गावकरी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेत. काही जण परत गेलेच नाहीत. पुढे ती गावाची रीतच झाली. शेतकऱ्याच्या घरात एक पाहुणा, तो घरच्या ताटावर जेवणारा, जमेल ते काम करणारा. १९ व्या शतकाच्या मध्यापासून सरकारने त्याची व्यवस्था हाती घेतली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस असे साडेतीन हजारांवर पाहुणे गावात होते. आज संख्या पुष्कळ कमी आहे, पण रीत टिकून आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने वारसा जपण्याच्या चांगल्या पद्धतींच्या नोंदवहीत तिची नोंद केली.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. पहिली, तिथे यजमान कुटुंबाची जबाबदारी आखून दिलेली आहे: खोली, जेवण, औषध वेळेवर, आणि घरातल्यासारखी वागणूक. आजाराचे निदान सहसा त्यांना सांगतही नाहीत. काय जपायचे तेवढे सांगतात. उपचाराची जबाबदारी रुग्णालयाची. दुसरी, कुटुंब एकटे नाही. मागे रुग्णालय आहे, नर्स आहे, खर्चाची मदत आहे, आणि पाहुणा रस्त्यात गोंधळला तर हाताला धरून घरी आणणारे गाव आहे.

हे परदेशातच होते असे नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू टाकून राहायला लावले. नातेवाइकांनी उपचार पाहिले, शिकले, आणि माणसाला घरी नेले. घर आणि रुग्णालय यांनी एकमेकांवर ढकलण्याऐवजी एकमेकांना धरायचे, हा त्याचा अर्थ.

क्रुसाखाली उभ्या असलेल्या मारियामातेला प्रभूने योहानाच्या हाती सोपवले, आणि योहानाने तिला आपल्या घरी नेले. तो तिच्या पोटचा मुलगा नव्हता. आणि प्रभूने दोघांशीही बोलून हे केले. सोपवणे असे असावे: जिवंतपणी, समोरासमोर, दोघांना सांगून.

कुणी काय करावे

काळजीवाहकाने: औषधांची आणि डॉक्टरांच्या भेटींची एक वही ठेवावी. माणसाला विचारून त्याचे काम करावे, निदान सांगून करावे. आपण थकलो तर तोंड उघडावे.

दूर असलेल्या भावंडांनी: फोनवर सूचना देण्याआधी विचारावे, मी कोणते काम घेऊ? पैसे पाठवणे हे एक काम आहे, पण तेवढेच नाही. वर्षातले काही दिवस येऊन राहावे आणि सांभाळणाऱ्याला बाहेर पाठवावे. सुरूर फाट्यावर उतरून तासाभरात परत जाणे ही पाहुण्याची भेट झाली.

पैसे पाहणाऱ्याने: निवृत्तिवेतन, श्रावणबाळ योजनेचे पैसे, व्याज, काय आले आणि कशावर गेले, ते लिहून ठेवावे आणि इतरांना दाखवावे. समजत नसलेल्या माणसाचा अंगठा कोऱ्या कागदावर घेणे ही चोरी आहे, मग ती मुलाने केली तरी.

शेजाऱ्यांनी आणि आपण सर्वांनी: कोंडून ठेवणे, उपाशी ठेवणे, मारहाण दिसली तर घरचा मामला म्हणून पुढे जाऊ नये. आधी फादरांशी किंवा आमच्याशी बोलावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६ हे सरकारी मदत क्रमांक आहेत.

स्वतः वृद्ध किंवा आजारी असलेल्यांनी: आपली इच्छा बोलून दाखवावी. योहानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू पेत्राला सांगतो की म्हातारपणी दुसरा तुझी कंबर बांधील आणि नको तिथे नेईल. हे वाक्य कठीण आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला ते येणार आहे. म्हणून कुठे जायला आवडेल आणि कुठे नाही, हे आताच सांगून ठेवावे.

पुढे काय झाले

मावशींकडे आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मुलासमोर बसलो आणि त्यालाच विचारले, “आई थकली, तर तुला कुणाकडे राहायला आवडेल?” मावशी दचकल्या. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता, त्यांनीही नाही. त्याची पुण्याची मावशी त्याला नेणार असे घरात ठरल्यासारखे होते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पुण्यात मला कुणी हाक मारत नाही. इथं मंडईत सगळे मारतात.”

मावशींना रडू आले, पण या वेळचे रडणे वेगळे होते. आता इथेच राहणाऱ्या चुलत बहिणीचे नाव पालक म्हणून पुढे आले आहे. ती तयार आहे, तो तयार आहे. कागद साताऱ्याला जायचे आहेत. पुण्याच्या मावशींनी खर्चाचा वाटा उचलायचे कबूल केले. सगळे सुटले असे आम्ही म्हणणार नाही. चुलत बहिणीला तिचा संसार आहे. पण “याचं काय?” या प्रश्नाला आता तीन-चार नावे जोडली गेली आहेत, आणि त्यातले एक त्याचे स्वतःचे आहे.

दुसऱ्या घरातल्या ताईंसाठी आम्ही एवढेच करू शकलो: दर गुरुवारी दुपारी दोन तास आमच्यापैकी दोघे जण बाबांपाशी बसतात. पहिल्या गुरुवारी त्या कुठे गेल्या असतील? कुठेच नाही. घाटावर जाऊन बसल्या, आणि परत आल्यावर म्हणाल्या, पाणी किती वाढलंय यंदा. थोरल्या भावाशीही बोलणे झाले आहे. मुखत्यारपत्राचे त्यांना ठाऊक नव्हते. ते आता वकिलाला विचारत आहेत.

अशी घरे आपल्या धर्मग्रामात आणखी आहेत. पुढच्या रविवारी मिस्सानंतर दाराजवळ एक वही ठेवू. ज्यांना विसावा हवा त्यांनी एका बाजूला नाव लिहावे, ज्यांना दोन तास देता येतील त्यांनी दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू लिहायला लाजू नये.

घरी बसून बोलण्यासाठी

१. आपल्या घरात सांभाळ कोण करते, पैसे कोण पाहते, निर्णय कोण घेते? ही एकच व्यक्ती आहे की वेगवेगळ्या? त्यांचे एकमेकांशी बोलणे होते का?

२. ज्यांचा सांभाळ चालला आहे त्यांना आपण शेवटचे कधी विचारले की तुम्हाला काय हवे?

३. सांभाळणारी व्यक्ती उद्या आजारी पडली तर तिची जागा कोण घेईल? त्याला हे माहीत आहे का?

४. कोणते कागद करायचे राहिले आहेत: दिव्यांगत्वाचा दाखला, पालकत्वाचा अर्ज, मृत्युपत्र, प्रतिनिधीचे नाव?

प्रार्थना: हे प्रभो, जे थकले आहेत त्यांना विसावा दे, जे दूर आहेत त्यांना जवळ आण. ज्यांना बोलता येत नाही त्यांचे ऐकण्याइतका धीर आम्हाला दे. आमेन.